औषधनिर्मितीवरील शासकीय अनुदाने व करसवलती : जिल्ह्यातील लहान रसशाळेच्या दृष्टीने एक अभ्यास

विषयप्रवेश

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी अभ्यासले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी द्रव्य या पादाचा विचार आपण बहुधा रस, गुण, वीर्य, विपाक या अंगाने करतो आणि ते योग्यच आहे. परंतु तेच द्रव्य रानातून अथवा शेतातून निघून काष्ठौषधीच्या व्यापाऱ्याकडे, तेथून रसशाळेत व अखेर आपल्या औषधालयाच्या फडताळात येईपर्यंत कायदा, कर आणि अनुदान या तीन संस्कारांतून जाते. या संस्कारांचा परिणाम औषधाच्या किमतीवर होतो, उपलब्धतेवर होतो, आणि गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव पाहता औषधाच्या शुद्धतेवरही होतो. तरीही वैद्यवर्गात या विषयाची चर्चा अभावानेच आढळते. फार्मसीचालक बंधू हिशेबनिसावर विसंबून राहतात, आणि चिकित्सक बंधू हा विषय आपला नव्हे असे समजतात.

प्रस्तुत लेखात आम्ही सन २००० पासून शासनाने औषधनिर्मितीसाठी दिलेल्या, बदललेल्या व काढून घेतलेल्या सवलतींचा क्रमाने आढावा घेतला आहे. दृष्टी मात्र एकच ठेवली आहे. आपल्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील लहान रसशाळेला व औषधविक्रेत्याला यातून काय मिळाले आणि आज त्याने काय करावे?

या जिल्ह्याला औषधनिर्मितीची परंपरा नवीन नाही. पंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांचे नाव धारण करणारे येथील आयुर्वेद महाविद्यालय १९१७ सालचे आहे. महाराष्ट्रातील जुन्या निर्मितीसंस्था पाहिल्या, उदाहरणार्थ पनवेलची श्रीधूतपापेश्वर (१८७२), साताऱ्याची आयुर्वेदीय अर्कशाळा (१९२६) वा पुण्याची आयुर्वेद रसशाळा (१९३५), तर त्या शासकीय अनुदानाच्या बळावर उभ्या राहिलेल्या नाहीत. वैद्यांच्या गरजेतून त्या निर्माण झाल्या. अनुदानाचे युग नंतर आले. म्हणूनच अनुदान म्हणजे काय, ते कोणापर्यंत पोचते आणि कोणाला ओलांडून जाते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

अनुदानाचे चार प्रकार

व्यवहारात 'सबसिडी' हा एकच शब्द वापरला जातो. त्यात चार भिन्न गोष्टी येतात.

पहिला प्रकार भांडवली अनुदानाचा. इमारत, यंत्रसामग्री, प्रयोगशाळा यांवरील खर्चाचा काही भाग शासन देते. दुसरा प्रकार करसवलतीचा. यात रोख रक्कम मिळत नाही, देय कर कमी होतो अथवा माफ होतो. तिसरा प्रकार कच्च्या द्रव्यावरील अनुदानाचा, म्हणजे औषधी वनस्पतींच्या लागवडीस साहाय्य अथवा वनोपजास आधारभूत किंमत. चौथा प्रकार शासकीय खरेदीचा. शासन आपल्या दवाखान्यांसाठी औषधे विकत घेते आणि त्या निधीतून उद्योगाला आधार मिळतो.

चरकाचार्यांनी द्रव्याचे चार गुण अपेक्षिले आहेत. ते विपुल असावे, योग्य असावे, अनेक कल्पांत रूपांतर होण्यास समर्थ असावे आणि गुणसंपन्न असावे. हेच निकष लावून पाहिले असता लागवडीचे अनुदान विपुलतेसाठी, भांडवली अनुदान संपन्नतेसाठी आणि करसवलत कल्पनिर्मितीसाठी उपयोगी पडावी अशी अपेक्षा दिसते. प्रत्यक्षात काय घडले ते आता पाहू.

शेड्यूल 'टी' आणि भांडवलाचा प्रश्न

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे, आणि आयुर्वेदीय औषधांसाठीचे स्वतंत्र प्रकरण त्यात १९६४ च्या दुरुस्तीने आले. परंतु लहान रसशाळांच्या जीवनात खरा बदल घडविला तो २३ जून २००० रोजी अधिसूचित झालेल्या शेड्यूल 'टी'ने, म्हणजे उत्तम निर्मिती पद्धतीच्या नियमांनी. किमान १२०० चौरस फूट बांधीव जागा, प्रत्येक क्रियेसाठी वेगळा कक्ष वा पडदी, कच्च्या व सिद्ध मालाची स्वतंत्र साठवण, नोंदवह्या आणि स्वतःच्या प्रयोगशाळेत अथवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत परीक्षण या अटी त्यात होत्या. आधीच्या परवानाधारकांना पूर्ततेसाठी दोन वर्षांची मुदत देण्यात आली.

या नियमांच्या हेतूबद्दल वाद नाही. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल, विडंगाच्या नावाखाली भलतेच फळ, हे प्रकार आपण सर्वजण जाणतो. असा माल ओळखण्यासाठी परीक्षणाची सोय हवीच. प्रश्न भांडवलाचा होता. वाड्याच्या मागील सोप्यात खल, भट्टी आणि कढया मांडून पिढ्यान्‌पिढ्या आसवारिष्टे व गुटिका करणाऱ्या वैद्याला १२०० चौरस फुटांची नवी वास्तू उभारणे सोपे नव्हते.

भांडवली अनुदानाच्या बहुतेक योजनांचे स्वरूप असे असते की प्रथम स्वतः खर्च करावयाचा, कागदपत्रे सादर करावयाची, तपासणी व्हावयाची आणि मग अनुदान मिळावयाचे. याचा अर्थ ज्याच्याजवळ आधीच भांडवल वा बँकेची पत आहे त्यालाच अनुदान लाभते. अनुदान हे औषध मानले तर भांडवल हे त्याचे अनुपान होय, आणि ज्याच्याकडे अनुपान नाही त्याला औषध लागू पडत नाही. शेड्यूल 'टी'नंतर अनेक लहान घटकांनी परवाने परत केले अथवा नूतनीकरण केले नाही, त्याचे मूळ कारण येथे आहे.

पुढे २००७-०८ मध्ये केंद्रीय आयुष विभागाने समूह विकास योजना आणली. अनेक लहान उत्पादकांनी एकत्र येऊन एक संस्था स्थापन करावी आणि सामाईक प्रयोगशाळा, सामाईक दळणयंत्रे, अर्कनिष्कासनाची सोय उभारावी, आणि प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, कमाल १० कोटी रुपयांपर्यंत साहाय्य मिळावे अशी ती रचना होती. कल्पना उत्तम होती. एकेकट्या रसशाळेला न परवडणारी यंत्रे दहा-पंधरा जणांना मिळून परवडतात, हे सहकाराच्या भूमीत सांगावयास नको. प्रवरानगरचा साखर कारखाना याच तत्त्वावर १९५० साली उभा राहिला. परंतु ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याने जे साधले ते औषध बनविणाऱ्या वैद्याला साधले नाही. आमच्या मते याचे कारण असे की प्रत्येक रसशाळा आपला पाठ, आपली कृती आणि आपले ग्राहक गुप्त ठेवू पाहते, आणि सामाईक छपराखाली जाण्यास कचरते. ही अडचण शासनाच्या हातची नव्हे, आपल्या हातची आहे.

अलीकडे २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी १२२ कोटी रुपयांची 'आयुष औषधी गुणवत्ता एवं उत्पादन संवर्धन योजना' मंजूर झाली. तिच्यात रसशाळा व परीक्षण प्रयोगशाळांचे बळकटीकरण, औषधदक्षता व फसव्या जाहिरातींवर देखरेख, नियामक यंत्रणेची सक्षमता आणि मानके व प्रमाणन असे चार भाग होते. येथे शासनाची दिशा बदललेली दिसते. उत्पादन वाढविण्यासाठी पैसा देण्याऐवजी गुणवत्ता सिद्ध करण्यासाठी पैसा देण्याकडे कल आहे. यापुढील योजनाही याच वळणाच्या असतील असे गृहीत धरून फार्मसीचालकांनी आपले परीक्षण अहवाल व नोंदी आजपासूनच व्यवस्थित ठेवाव्यात.

डोंगराळ राज्यांची सवलत व स्थलांतर

करसवलत उद्योगाचा नकाशा कसा बदलते याचे ठळक उदाहरण २००३ सालचे आहे. त्या वर्षी केंद्र शासनाने हिमाचल प्रदेश व उत्तराखंड (तेव्हाचे उत्तरांचल) येथील नव्या उद्योगांना दहा वर्षे उत्पादन शुल्कातून पूर्ण सूट दिली. पहिली पाच वर्षे आयकरात शंभर टक्के सवलत आणि यंत्रसामग्रीवर १५ टक्के, कमाल ३० लाख रुपये भांडवली अनुदानही दिले. उत्पादन सुरू करण्याची मुदत पुढे ३१ मार्च २०१० पर्यंत वाढविण्यात आली.

त्या काळी ॲलोपॅथिक औषधांवर १६ टक्के उत्पादन शुल्क होते. त्यातच जानेवारी २००५ पासून हे शुल्क कारखान्याच्या विक्रीकिमतीऐवजी छापील किरकोळ किमतीवर आकारले जाऊ लागले. ज्याची छापील किंमत आणि कारखान्याची किंमत यांत मोठी तफावत होती, त्या उत्पादकाचा करभार एकदम वाढला. परिणामी महाराष्ट्र व गुजरातेतील औषधकंपन्यांनी आपले उत्पादन बद्दी, हरिद्वार, पंतनगर या भागांत हलविले अथवा तेथील घटकांकडून करवून घेण्यास प्रारंभ केला. आयुर्वेदीय क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनीही त्याच भागात कारखाने उभारले. २००८ च्या अर्थसंकल्पात औषधांवरील शुल्क १६ वरून ८ टक्क्यांवर आले तेव्हा या स्थलांतराचा लाभ निम्मा झाला, परंतु कारखाने एकदा गेले ते गेले. जीएसटी आल्यावर ती सूट संपली. उरलेल्या काळासाठी तेथील घटकांना केंद्रीय जीएसटीच्या ५८ टक्के परताव्याची योजना २०१७ मध्ये लागू झाली.

यातून आपल्यासाठी निष्कर्ष असा की करसवलत ही ज्याला मोठा कर भरावा लागतो त्याच्याच कामाची असते. लहान रसशाळेला त्या काळी मुळात उत्पादन शुल्क भरावेच लागत नव्हते. त्यामुळे तिला स्थलांतराचे कारण नव्हते. पण तिचा प्रतिस्पर्धी करमुक्त क्षेत्रातून स्वस्तात माल बनवून वाचलेला पैसा जाहिरातीत व विक्रेत्याच्या मार्जिनमध्ये घालू लागला, आणि नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या दुकानांतील फडताळे त्या मालाने भरली. म्हणजे जी सवलत आपल्याला दिलीच नव्हती, तिचा परिणाम मात्र आपल्याला भोगावा लागला.

शास्त्रोक्त औषध व पेटंट औषध

उत्पादन शुल्काच्या काळात आयुर्वेदीय औषधांत एक महत्त्वाचा भेद होता. प्रमाणभूत ग्रंथांतील पाठाप्रमाणे बनविलेली आणि ग्रंथोक्त नावानेच विकली जाणारी औषधे शुल्कमुक्त होती. स्वतःच्या पाठाची, स्वतंत्र नावाची औषधे शुल्कपात्र होती. तेले, दंतमंजने, लेप यांच्या बाबतीत हे औषध की सौंदर्यप्रसाधन असा वाद वारंवार न्यायालयात गेला. नागपूरच्या उत्पादन शुल्क आयुक्तालयाशी संबंधित पूमा आयुर्वेदिक प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन कसोट्या मानल्या. सामान्य व्यवहारात लोक त्या वस्तूला औषध समजतात काय, आणि तिचे घटक आयुर्वेदाच्या प्रमाणभूत ग्रंथांत आहेत काय? निर्णय उत्पादकाच्या बाजूने लागला. या कसोट्या आजही लेबल तयार करताना लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

याशिवाय लघुउद्योग म्हणून १ एप्रिल २००७ पासून वार्षिक दीड कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीवर उत्पादन शुल्क नव्हते. जिल्ह्यातील बहुतेक रसशाळा या मर्यादेच्या आत असल्यामुळे त्यांना केवळ मूल्यवर्धित कराचा विचार करावा लागे. १ जुलै २०१७ रोजी ही सर्व रचना बदलली. दीड कोटींची ती सूट गेली, जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची झाली (वस्तूंसाठी ती १ एप्रिल २०१९ पासून ४० लाख आहे), आणि आयुर्वेदीय औषधे १२ टक्क्यांच्या श्रेणीत गेली. शास्त्रोक्त कल्पांना जुन्या रचनेत जे वेगळे स्थान होते ते राहिले नाही. ज्या घटकाची उलाढाल ४० लाख ते दीड कोटी यांच्या दरम्यान होती त्याला हा बदल सर्वाधिक जाणवला.

सप्टेंबर २०२५ चा बदल : आकडेमोडीसह

२२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि त्यात आयुर्वेदीय औषधेही समाविष्ट झाली. रुग्णाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. करासह ११२ रुपयांचे औषध १०५ रुपयांस मिळावे, म्हणजे सव्वासहा टक्के स्वस्त व्हावे. उत्पादकाच्या दृष्टीने मात्र एक गुंतागुंत निर्माण झाली आहे. ती उदाहरणाने स्पष्ट करू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

एका रसशाळेने महिन्यात करपूर्व १,००,००० रुपयांची चूर्णे व गुटिका विकल्या. त्यासाठी सुकी काष्ठौषधी ३०,००० रुपयांची घेतली, त्यावर ५ टक्क्यांनी १,५०० रुपये कर दिला. प्लास्टिकच्या बाटल्या व झाकणे १५,००० रुपयांची, त्यावर १८ टक्क्यांनी २,७०० रुपये. परीक्षण, यंत्रदुरुस्ती इत्यादी सेवा १०,००० रुपयांच्या, त्यावर १८ टक्क्यांनी १,८०० रुपये. एकूण ६,००० रुपये कर खरेदीवर दिला गेला.

जुन्या दराने विक्रीवरील कर १२,००० रुपये होई. त्यातून ६,००० वजा जाऊन ६,००० रुपये रोख भरावे लागत. नव्या दराने विक्रीवरील कर ५,००० रुपयेच आहे. म्हणजे रोख काही भरावयाचे नाही, उलट १,००० रुपयांची जमा शिल्लक राहते. ही विपरीत कररचना होय. तिच्यासाठी परताव्याची तरतूद आहे, परंतु परतावा केवळ मालावरील कराचा मिळतो, सेवांवरील कराचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही मर्यादा वैध ठरविली आहे. सध्याच्या सूत्राने वरील उदाहरणात मालावरील ४,२०० रुपयांतून ३,५०० वजा जाऊन ७०० रुपये परतावा मिळेल. ३०० रुपये अडकून राहतील.

रक्कम लहान दिसते. परंतु दुसऱ्या बाजूने पाहा. परीक्षण ही सेवा आहे. म्हणजे जी रसशाळा प्रत्येक घाणीचे परीक्षण बाहेरील प्रयोगशाळेतून करून घेते, तिचाच कर अधिक अडकतो, आणि जी परीक्षण टाळते तिचा अडकत नाही. एका योजनेतून शासन गुणवत्तेसाठी पैसा देते आणि करसूत्रातून तिच्यावरच किंचित भार टाकते. वैद्यक संघटनांनी शासनाकडे मांडण्याजोगा हा मुद्दा आहे.

यापेक्षा महत्त्वाचा परिणाम कंपोझिशन योजनेवर झाला आहे. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेला उत्पादक एक टक्का कर भरून मोकळा होऊ शकतो. मात्र त्याला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही. जुन्या दराच्या काळात, थेट रुग्णांना विक्री करणाऱ्या रसशाळेला ही योजना लाभदायक होती. वरील उदाहरणात छापील किंमत तीच १,१२,००० ठेवली तर एक टक्का म्हणजे १,१२० आणि खरेदीवरील ६,००० वजा जाता १,०४,८८० रुपये हाती राहत, तर नियमित पद्धतीत १,००,००० राहत. आता किंमत १,०५,००० झाली असता कंपोझिशनमध्ये ९७,९५० रुपये उरतात आणि नियमित पद्धतीत परताव्यासह ९९,७०० उरतात. म्हणजे जी गोष्ट कालपर्यंत फायद्याची होती ती आज तोट्याची ठरू शकते. ज्या बंधूंनी ही योजना स्वीकारली आहे त्यांनी नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी आपल्या प्रत्यक्ष आकड्यांवर हा हिशेब अवश्य करून पाहावा. काष्ठौषधी, पॅकिंग व सेवा यांचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असल्याने उत्तरही वेगळे येईल.

किंमत कमी झाल्याचा लाभ रुग्णाला मिळतो काय, हा प्रश्न शेवटी नीतीचा आहे. आयुर्वेदीय औषधे औषध किंमत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत १९९५ च्या आदेशातही नव्हती आणि २०१३ च्या आदेशातही नाहीत. जीएसटी कायद्यातील नफेखोरीविरोधी तक्रारी १ एप्रिल २०२५ पासून स्वीकारल्या जात नाहीत. म्हणजे दर कमी झाल्यावर किंमत उतरविण्यास भाग पाडणारी यंत्रणा आपल्या क्षेत्रात जवळजवळ नाही. अशा वेळी जो उत्पादक छापील किंमत खरोखर उतरवितो आणि जो वैद्य ते रुग्णास सांगतो, तोच विश्वास टिकवितो. याच काळात ॲलोपॅथीच्या बाजूस २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची दुकाने जानेवारी २०२५ पर्यंत १५,००० झाली आहेत, आणि स्वस्त औषधाची सवय रुग्णाला लागली आहे. महाग आयुर्वेदीय औषधाची तुलना तो त्यांच्याशी करणारच.

कच्च्या द्रव्यावरील अनुदान : शेत आणि रान

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ नोव्हेंबर २००० मध्ये स्थापन झाले. लागवडीसाठी वनस्पतीच्या प्रकारानुसार खर्चाच्या ३०, ५० वा ७५ टक्के अनुदान देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. राष्ट्रीय आयुष अभियानाखाली हा भाग २०१५-१६ ते २०२०-२१ या काळात राबविला गेला. आपल्या जिल्ह्यात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ असल्याने शास्त्रीय मार्गदर्शन हाताशी होते.

तरीही २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील सफेद मुसळीचा अनुभव शेतकरी विसरलेले नाहीत. मुसळीच्या कंदांना प्रारंभी जो चढा भाव मिळाला तो औषधनिर्मात्यांचा नव्हता. नव्याने लागवड करू इच्छिणाऱ्यांनी बेण्यासाठी दिलेला तो भाव होता. लागवड वाढली, बेण्याची मागणी संपली आणि माल खऱ्या बाजारात आला, तेव्हा भाव कोसळला. लागवडीचे अनुदान उत्पादन वाढविते, खरेदीदार निर्माण करीत नाही. रसशाळा आणि शेतकरी यांच्यात आधी करार, मग लागवड, हाच क्रम असावयास हवा.

रानातील द्रव्याची कथा वेगळी आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, भंडारदरा-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. त्रिफळ्याचा हा एक घटक, आणि आपल्यापैकी प्रत्येकाच्या औषधालयात तो असतो. केंद्राच्या गौण वनोपज आधारभूत किंमत योजनेच्या यादीत २०१३-१४ पासून हिरड्याचा समावेश आहे, आणि राज्यात आदिवासी विकास महामंडळ ही त्याच्या खरेदीची यंत्रणा आहे. शासकीय खरेदी वेळेवर सुरू असली की दर टिकतो, ती थांबली की गोळा करणारा व्यापाऱ्याच्या हाती जातो. दर पडला की माणूस परिपक्व फळाची वाट पाहत नाही, वाळवण नीट करत नाही, आणि कीड लागलेला, बुरशीचा माल बाजारात येतो. म्हणजे आधारभूत किमतीचा प्रश्न हा आपल्या त्रिफळा चूर्णाच्या गुणवत्तेचाही प्रश्न आहे. द्रव्यसंपत्तीची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, गोळा करणाऱ्याच्या मजुरीपाशी होते.

शासकीय खरेदी

सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आयुष अभियानातून राज्यांना अत्यावश्यक आयुर्वेदीय औषधांसाठी निधी मिळू लागला. परंतु त्या निधीचा मोठा भाग सार्वजनिक क्षेत्रातील व शासकीय रसशाळांकडूनच खरेदी करण्यावर खर्च व्हावा असे धोरण ठेवण्यात आले. केंद्राची अशी कंपनी उत्तराखंडातील मोहान येथे आहे. आपल्या राज्यात नांदेडला शासकीय रसशाळा आहे. त्यामुळे खाजगी लहान रसशाळेस या खरेदीत स्थान मर्यादितच राहते. या क्षेत्रात उतरावयाचे असल्यास उत्तम निर्मिती प्रमाणपत्र, परीक्षण अहवाल आणि वेळेवर पुरवठा करण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी हव्यात. केवळ निविदा भरून उपयोग होत नाही. देयके उशिरा मिळतील हे धरून खेळते भांडवल ठेवावे लागते.

आता काय करावे

उपरोक्त विवेचनावरून आम्हांस पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास कायद्याने निर्मिती परवान्यातून व शेड्यूल 'टी'तून सूट दिली आहे. ही सूट केवळ स्वतःच्या रुग्णांपुरती आहे. तेच औषध दुकानात ठेवले अथवा दुसऱ्या वैद्यास विकले की ती संपते. ही मर्यादा कसोशीने पाळावी आणि या सवलतीचा पूर्ण उपयोग करावा. ताजा क्वाथ, घृत, लेप हे कल्प स्वतः करणे आजही सर्वांत किफायतशीर आहे.

२. ज्यांना विक्रीसाठी निर्मिती करावयाची आहे पण वास्तू नाही, त्यांनी कर्जपरवान्याचा म्हणजे २५-ई नमुन्याचा विचार करावा. दुसऱ्याच्या मान्य रसशाळेत आपल्या देखरेखीखाली माल बनविता येतो. मात्र गुणवत्तेची जबाबदारी परवानाधारकाचीच राहते.

३. उद्यम नोंदणी नसेल तर करून घ्यावी. सूक्ष्म वा लघू उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत न दिल्यास खरेदीदारास तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उधारी वसूल करताना विक्रेत्यास ही गोष्ट नम्रपणे सांगता येते.

४. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत अनुदानाचे प्रमाण तालुक्याच्या वर्गवारीवर अवलंबून असते. नवी वास्तू नागापूरला घ्यावी, सुप्याला घ्यावी की आपल्या तालुक्याच्या ठिकाणी, हे ठरविण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन वर्गवारी पाहावी. जागा आधी घेऊन मग अनुदान शोधू नये.

५. पाच-सहा रसशाळांनी मिळून हिरडा, बेहडा, आवळकाठी, अश्वगंधा, गुळवेल अशा नित्य लागणाऱ्या द्रव्यांची हंगामात एकत्र खरेदी करावी व एकाच नमुन्याचे एकदाच परीक्षण करून घ्यावे. पाठ गुप्त राहतो, खर्च वाटला जातो, आणि गोळा करणाऱ्यास रोख व योग्य दर देता येतो. समूह योजनेचा मोठा प्रकल्प न झाला तरी इतके आपणांस स्वबळावर करता येईल.

६. औषधविक्रेत्यांनी २२ सप्टेंबर २०२५ नंतरच्या खरेदीची नवी छापील किंमत तपासावी. जुन्याच किमतीने येणारा माल आढळल्यास उत्पादकाकडे लेखी विचारणा करावी.

समारोप

अनुदाने येतात, बदलतात आणि जातात. २००३ ची सवलत दहा वर्षांची होती, लागवडीची योजना सहा वर्षे चालली, दीड कोटींची करसूट एका रात्रीत संपली. ज्या घटकाने आपला हिशेब केवळ सवलतीवर मांडला तो सवलतीबरोबर बसला. ज्याने द्रव्याची ओळख, निर्मितीची शिस्त आणि वैद्यांशी असलेला संबंध यांवर तो मांडला तो टिकला. याचा अर्थ शासनाकडे काही मागू नये असा नव्हे. परीक्षणखर्चावरील कराचा परतावा, शास्त्रोक्त कल्पांसाठी वेगळा विचार आणि हिरड्याची वेळेवर खरेदी या तीन मागण्या न्याय्य आहेत आणि त्या संघटनेच्या व्यासपीठावरून आकड्यांसह मांडल्या पाहिजेत. त्यासाठी तालुका शाखांनी आपल्या परिसरातील चालू व बंद पडलेल्या रसशाळांची यादी, बंद पडल्याचे वर्ष व कारण यांसह, तयार करावी अशी आमची विनंती आहे. अशी यादी हाती असल्याशिवाय कोणत्याही कार्यालयात आपले म्हणणे ऐकले जाणार नाही.